चिखल्यांवरची मेंदी

सेवेच्या ओढीने मी पूरग्रस्तांकडे गेले, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे साताऱ्यात एका संस्थेच्या ऑफिसात मी अहवाल टाइप करायचे. सांगलीकडे कृष्णेचं पाणी गावांत शिरलं, आमची माणसं मदतीला गेली आणि काही दिवसांनी तिकडून फोन आला, "एक बाई पाठवा. इथल्या बायका आमच्याशी बोलत नाहीत." ऑफिसात बाई मी एकटीच. दोन ड्रेस पिशवीत कोंबले आणि निघाले.

पाणी ओसरलं होतं, चिखल राहिला होता. सॅनिटरी पॅड, औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घेऊन मी घरोघर फिरायचे. मेलेल्या जनावरांचा वास केसांतून जात नसे. गमबुटांत पाणी शिरून पाचव्या दिवशी बोटांना चिखल्या झाल्या. पाऊल टेकवलं की जीव कळवळायचा. त्यात एका घरातली सासूबाई दारातूनच म्हणाली, "रोज कोण तरी येतंय, फोटो काढतंय आन जातंय. तुमी बी काढा आन जावा."

तिचं चुकत नव्हतं. मी शेजारच्या पायरीवर बसले आणि रडू आवरेना. संध्याकाळच्या एसटीने परत जायचं, हेही तिथेच ठरवलं.

ती पायरी गाद्या भरणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाच्या घराची होती. दारात भिजलेल्या कापसाचा ढीग कुजत पडला होता. आतून साठीची एक बाई आली. गावात सगळे तिला चाचीच म्हणायचे. तिने काही न विचारता माझे बूट ओढून काढले आणि बोटं फाकवून पाहिली.

"असल्या पायानं फिरतीस व्हय गं?"

तिने मेंदी भिजवून आणली. लेकीच्या लग्नासाठी आणलेला मेंदीचा डबा माळ्यावर होता, म्हणून तेवढा कोरडा राहिला होता.

"चाची, लग्नाची आहे, राहू द्या."

"लगीन फुडं गेलंय. पाय तर आज दुखत्यात न्हवं?"

बोटांच्या बेचक्यांत ती मेंदी भरत गेली. हळूहळू आग थांबली. मग तिने विचारलं, "का आलीस हितं?"

मी खरं ते सांगितलं.

"मग झालं की," ती म्हणाली. "बाई पायजे हुती, बाई आली. त्यात रडायचं काय?"

एसटी निघून गेली तरी मी पाय पसरून तिथेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी घरातला चिखल नवऱ्यावर सोपवून चाची माझ्याबरोबर निघाली. पहिल्यांदा त्या रागावलेल्या सासूच्याच दारात गेली. "हिला आत घे. ही फोटो काढत न्हाई."

आत सून झोपली होती. बाळंतीण होऊन बारा दिवस झालेले, आणि तीन दिवसांपासून अंगात ताप. टाके पिकले होते.

"डॉक्टरांच्या कॅम्पला का नाही आलात?" मी विचारलं.

"तितं समदी बापयमाणसं," सून पुटपुटली. "काय सांगायचं?"

आमच्या जीपने तिला सांगलीला नेलं. वाटभर सासूने माझा हात सोडला नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्याने सून बाळाला घेऊन आपल्या पायांनी घरात आली. त्यानंतर त्या गल्लीतलं एकही दार मला बंद दिसलं नाही.

ऑफिसातली खुर्ची मी पुढे सोडली आणि याच कामाला लागले. लोक आभार मानतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं, कारण मीच मानायचे आभार बरेच बाकी आहेत. नव्या मुली कामावर आल्या की मी त्यांना एवढंच सांगते, गावात पोचलात की आधी कुणाच्या तरी पायरीवर बसा. वाटप नंतर.