थदडीच्या दिवशीची पेज

सकाळचे सव्वासात. कौसाबाई डोक्यावर पेजेचं पातेलं घेऊन उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात शिरली आणि बराकींच्या ओळीसमोर थबकली. एकाही घरातून धूर येत नव्हता.

१९५७चा श्रावण. फ्लूच्या साथीने घरंच्या घरं आडवी केली होती. मोरिवलीच्या शेतकरी घरातली ही बाई अंबरनाथच्या मदत केंद्रात पेज रांधायची. केंद्र उघडलं ते आसपासच्या गावांसाठी. फाळणीत आलेल्या सिंधी निर्वासितांकडे सरकार बघेल, असं लोक म्हणत. पण ताप दोन्हीकडे होता, म्हणून महिन्याभराने सिंधी बराकींनाही पेज जाऊ लागली. कौसाबाईची रीत साधी होती. ज्या घरात चूल पेटली नाही, तिथे उठणारं कोणी नाही. पेज तिथे द्यायची.

आज अख्खी ओळच थंड.

"सगळीच पडली का काय गो?" म्हणत ती धावली. पाहते तर पहिल्या खोलीतली खेमीबाई ओट्यावर बसून नातवंडांना दही आणि कालची जाड गोड पोळी भरवत होती.

"मासी, अज थदडी आहे!" खेमीबाई हसली. सिंधीतही 'आहे' म्हणजे 'आहे'च, तेवढं कौसाबाईला कळलं. बाकीचं खेमीबाईने मोडक्या मराठीत सांगितलं. आज देवीचा दिवस, चूल पेटवायची नाही, कालचं थंड खायचं.

"म्हंजे आमची शितळासप्तमी! ती झाली पंधरा दिवसांमागं. तुमची देवी उशिरा उठते वाटतं?"

"तुमचीच घाईची!"

दोघी हसल्या. मग कौसाबाईचा चेहरा उतरला. "सगळ्याच चुली थंड, तर आजारी घर कळायचं कसं?"

दोघींनी दारं वाजवायला सुरुवात केली. शेवटच्या खोलीतून ओ आली नाही. दार ढकललं. आत नवरा-बायको तापाने निपचित, मधे दोन वर्षांची मुलगी, ओठ सुकलेले. पेज एव्हाना गार झाली होती. मुलीने एक घोट घेतला आणि ओकून टाकला.

"ऊन पेज पाहिजे," कौसाबाई म्हणाली.

खेमीबाई घुटमळली. देवी कोपली तर नातवंडांच्या अंगावर फोड उठतील, ही भीती खरी होती.

"तुझी चूल राहू दे गो. माझी देवी जेवून गेली. मी पेटवते."

पागोळीच्या आत तीन विटा मांडल्या, पण बाहेरची लाकडं पावसाने भिजलेली. खेमीबाई घरात गेली, कोरडं सरपण घेऊन आली आणि विटांपासून दोन हातांवर ठेवून मागे सरली. शेजारणीने तेच केलं. मग तिच्या शेजारणीने. काडेपेटीला एकीनेही हात लावला नाही. थोड्या वेळात कौसाबाईच्या कमरेएवढा ढीग झाला. केंद्राच्या कोठारातही एवढं कोरडं सरपण नव्हतं. कौसाबाईने काडी ओढली. जो स्वतः पेटवायचा नव्हता, त्या जाळाकडे बघत बाया भर पावसात, पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. कौसाबाईने पेजेचं पातेलं जाळावर चढवलं.

मुलीने अर्धी वाटी ऊन पेज घेतली. ती पोटात राहिली.

उद्या गोकुळाष्टमी. केंद्राला सुट्टी नाही. पाच नंबर कॅम्पातलं वाटप सकाळी सातला, याच खोलीपासून सुरू होईल.