छपरावर फेकलेला दात

मोर्शीजवळच्या आमच्या गावी हापशीचा दांडा माझ्या मुलीच्या हातातून निसटला आणि उसळून थेट तोंडावर बसला. दहा वर्षांची पोर. ओठ फाटला, वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. एका हाताने तिच्या ओठावर फडकं दाबून मी अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"दात अख्खा आहे ना? मुळाला हात लावू नका, घासू नका. दुधात टाका आणि लगेच निघा. तो सुकला तर मग काही खरं नाही."

म्हणजे आशा होती! मी हापशीभोवतीचा चिखल चाचपू लागले. दात कुठेच नाही. सासरे ओट्यावर नातीला जवळ घेऊन बसले होते.

"आबा, दात पाहिला का?"

"म्या फेकला ना छपरावर. उंदीरमामा नवा देते तिले. रडू नको, माय."

आमच्याकडे पोरांचे दुधाचे दात असेच छपरावर जातात, माझेही गेले. पण हा पक्का दात होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"आबा, काहून फेकला? हा दुधाचा नोता! आता नवा येत नाही तिले!"

सासऱ्यांवर मी जन्मात पहिल्यांदा ओरडले. ते शिडी आणायला गेले. इकडे ओठाचं रक्त थांबेना, म्हणून नवऱ्याने गाडी काढली. दात सापडला की दुधात घालून आणा, एवढं मी आबांना ओरडून सांगितलं. मागे वळून पाहिलं तर आबा भर दुपारी तापलेल्या टिनांवर रांगत होते. खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. मी देवाला नवस बोलत होते, फक्त दातासाठी.

अमरावतीत डॉक्टरांनी ओठाला टाके घातले. मुलगी माझा हात सोडायला तयार नव्हती आणि माझी नजर दारावरून हटत नव्हती.

उन्हं कलल्यावर आबा आले. एसटीने, हातात झाकणाचा डबा. डब्यात दूध, दुधात दात. त्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

डॉक्टरांनी दात उजेडात धरला. "टिनावर पार वाळलाय. बसवून बघतो, पण हा टिकायचा नाही."

मला रडू फुटलं. आबा मात्र पुढे झाले, डॉक्टरांच्या खुर्चीपाशी वाकले आणि तोंड उघडून आपल्या पुढच्या दातावर बोट ठेवलं.

"माहा काढा, साहेब. आत्ता काढा, वाळू देऊ नोका. तिले लावा."

डॉक्टर मान खाली घालून मुलीचा दात बसवायला हातमोजे चढवू लागले. आबा तोंड उघडं ठेवून तसेच वाकून उभे राहिले.