वाटणारीने चाखायचं नसतं

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढ्यापुरती माफी असावी. जे लिहिलं आहे त्याची मात्र माफी मागत नाही.

तासगावच्या बाजूला माझं सासर. तिथे महाशिवरात्रीची भांग वाटायचा मान आमच्या घराचा. मान घराचा आणि राबायचं सुनेने. बडीशेप, मिरी, खसखस, बदाम आणि भिजवलेला भांगेचा पाला पाट्यावर वाटून लोण्यासारखा गोळा करायचा आणि पुरुषांच्या हवाली करायचा. ते देवळात तो दुधात कालवून प्यायचे. वाटणारीने जिभेला लावायचं नाही, अशी रीत होती. त्यामुळे चव मला आजही माहीत नाही. पण हाताला कळतं. मिरजेहून दरवर्षी जुना, चुरा झालेला वाळका पाला यायचा. त्याला गवताचा वास असायचा आणि हात धुतले की हिरवं पाणी निघून जायचं. तो पिऊन पुरुष थोडं हसायचे, भजनं म्हणायचे, गोड मागायचे आणि झोपायचे.

त्या वर्षी माझे मालक लष्करात, सरहद्दीवर होते. वर्गणीचे पैसे घेऊन पाला आणायला माझे चुलत दीर गेले. त्यांना मी भावजी म्हणायची. त्यांनी आणलेल्या पिशवीत पाला थोडा आणि शेंड्याचे दाट, केसाळ तुरेच जास्त. वाटायला घेतले तर वरवंटा पाट्याला चिकटायला लागला. बोटांवर बसलेला चीक राखेने घासूनही जाईना. नुसत्या वासाने माझं डोकं जड झालं. मी सासूबाईंना हळूच म्हणाले, "आत्याबाई, ही भांग नेहमीची न्हाई. निम्मीच वाटू का?" त्या ओसरीवर सांगून आल्या. भावजी हसले. म्हणाले, जन्मात थेंब न घेतलेल्या बायका आता आम्हाला माप शिकवणार. माझे सासरे तिथेच बसून सुपारी कातरत राहिले. मग मी सगळी वाटली. त्याचा राग मला अजून स्वतःवर आहे.

पुढचं देवळाच्या ओवरीतून दिसलं. आम्ही बायका तिथे फराळाचं करत होतो. उपासाची माणसं, पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. दुपारी पहिला पेला झाला. अर्धा तास गेला तरी कुणाला काही चढेना. चेष्टा सुरू झाली. भावजी आमच्याकडे तोंड करून म्हणाले, "वैनी, भांग वाटली का मेंदी? तुमच्या हाताला तरी रंग चढला का बगा." सगळे हसले. भांग पाणचट झाली असं ठरवून त्यांनी दुसरा पेला घेतला, काहींनी तिसराही. मग तासाभरात सगळंच एकदम आलं. एकजण खांबाला मिठी मारून बसला तो सोडेना. एकजण काळीज थांबलं म्हणून रडत होता. पेन्शनीत आलेले एक म्हातारे सुभेदार पायऱ्या उतरताना कोसळले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना ट्रकमध्ये घालून मिरजेला नेलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बैठक झाली. भावजींनी सांगितलं, पाला नेहमीच्याच दुकानातला. मग दोष उरला वाटणारीचा. हिने धोतऱ्याचं बी घातलं असणार, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, नशा चढावी म्हणून तांब्याचा पैसा घासून घातला असणार. तिसऱ्याने तर मी विटाळात वाटली असंही सांगून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. दवाखान्याचा खर्च आमच्या घराने द्यायचा ठरला, दोनशे शहाऐंशी रुपये. सासरे मान खाली घालून हो म्हणून आले. म्हैस घ्यायला मालकांनी पाठवलेल्या मनिऑर्डरींचे पैसे मी डब्यात जपले होते, ते गेले. पण मला जाळत होतं ते वेगळंच. पैसे दिले म्हणजे मी माणसांना विष घातलं हे आमच्याच घराने कबूल केलं. विहिरीवर बायका मला बघून घागरी बाजूला ओढायच्या. एक म्हणाली, "सरा गं, धोतरीण आली." मी घागर भरून घरी आले. चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो, लहानपणापासून.

पाट्याखाली पडलेले दोन तुरे मी कागदात बांधून ठेवले होते. उन्हाळ्यात माहेरी वाईला गेले तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या वैद्यांना ते दाखवले. त्यांनी एक तुरा बोटांत चुरडला, हुंगला आणि मला खाली बसवलं. म्हणाले, हा पाला नव्हेच, हा गांजा. मादी झाडाच्या फुलोऱ्यात चीक असतो आणि सगळी नशा त्या चिकात. पानात ती थोडी, जुन्या वाळक्या पानात त्याहून थोडी. त्यातून दुधातुपात कालवली की ती पुरती उतरते. ओढलेली लगेच कळते, प्यालेली तास-दोन तास दबा धरून बसते आणि मग लवकर सोडत नाही. पोट रिकामं, वय झालेलं, सवय नाही, वर मनात भीती शिरली, की तीच भांग एकाला हसवते आणि दुसऱ्याला पाडते. मी विचारलं, वाटणारीच्या हाताने काही फरक पडतो का? ते म्हणाले, "बारीक वाटली की जाड, एवढाच. पोरी, उपाशी माणसांना हे दोन-दोन पेले पाजल्यावर धोतरा कशाला लागतोय?"

हे सगळं मला त्या दिवशी पाट्यावरच कळलं होतं, फक्त त्याला नावं ठाऊक नव्हती. मला कळलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या शिवरात्रीला सासऱ्यांनी पाल्याची पिशवी माझ्यापुढे ठेवली, जसं काही घडलंच नव्हतं. मी पाटा धुतला आणि भिंतीला उभा करून ठेवला. आत्याबाईंना वाटायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझे हात दुखतात. दुसऱ्या घरी वाटावी तर गुरव तयार होईना. मान ज्याचा त्याने करावा, उद्या भावकीत डोकी फुटतील, असं त्याचं म्हणणं. शेवटी पाच-सहाजण आमच्या ओसरीवर आले. त्यांत भावजी होते आणि काठी टेकत आलेले सुभेदारही होते. मी दाराआड उभी होते. तिथूनच बोलले.

"गेल्या साली पाला कुठनं आणला ते भावजींनी हातात बेल घेऊन सांगावं. मिरजेचा म्हणाले तर मी आत्ता वाटते."

पूजेचं तबक तिथेच होतं. भावजी म्हणाले, "आवं वैनी, झालं गेलं ते कशाला काढताय."

सुभेदार म्हणाले, "उचल की रं बेल. पान हाय ते, इंगळी न्हाई."

भावजींनी बेल उचलला नाही. बेल हातात घेऊन खोटं बोलायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. एका दोस्ताने उसाच्या आत चोरून झाडं लावली होती, तिथून त्यांनी ते तुरे फुकट आणले होते. वर्गणीचे पैसे खिशात घातले होते. आणि वर्षभर मला धोतरीण म्हणताना ऐकून गप्प राहिले होते.

मी तरीही वाटली नाही. त्या वर्षी देवाला नुसतं दूध गेलं. पैसे परत आल्याशिवाय पाटा खाली पडणार नाही, एवढंच मी आत्याबाईंकरवी कळवलं. हळद विकल्यावर भावजींनी शंभर दिले, गूळ गेल्यावर आणखी शंभर, दिवाळीनंतर ऐंशी. ते सगळे गुपचूप सासऱ्यांच्या हातात ठेवले. मग सहा राहिले. सहा रुपयांचं काय धरून बसलीस, असं सासरेसुद्धा म्हणाले. मी म्हणाले, ते सहा चावडीवर द्यायचे, जिथे ठरलं होतं तिथे.

दोन महिने भावजी टाळत राहिले. शेवटी एका सकाळी सुभेदारांनीच त्यांना चावडीवर बोलावून घेतलं. सासरे मला म्हणाले, तूही चल. मी पदर घेऊन पायरीपाशी उभी राहिले. भावजींनी पाचाची नोट आणि एक रुपया काढून सासऱ्यांपुढे ठेवला. सासऱ्यांनी ते उचलले नाहीत, माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले, सगळ्यांदेखत उचलले आणि म्हणाले, "दोनशे शहाऐंशी पुरे झाले."