बेअरिंग गई

मसाल्यासाठी सुकं खोबरं भाजायला घेतलं, की मला हायवेवरचं एक गॅरेज आठवतं. वडिलांनी जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी आम्ही सुरतहून बारडोलीला आत्याकडे निघालो. वाटेत पलसाण्याला पोचेपर्यंत प्रत्येक वळणावर इंजिनातून आधी गडगड आणि मग ठक्क, असा आवाज येऊ लागला. तीस वर्षं लूम चालवलेल्या वडिलांचं स्वतःबद्दल मत होतं, की आपण कुठलंही मशीन कानाने ओळखतो. मान तिरकी करून त्यांनी निकाल दिला, “बेअरिंग गई.” उद्याच गाडी परत करतो म्हणत, विकणाऱ्याला शिव्या घालत त्यांनी ती गॅरेजात घातली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, हुंगल्यासारखं केलं आणि आतून शेंडी करपलेला नारळ काढून वडिलांच्या हातात दिला. “काका, बेरिंग नथी, नाळियेर छे.” “पूजानं नारय शे, मीच ठेयेल शे,” मागच्या सीटवरून आई शांतपणे म्हणाली. इंजिन जुनं, म्हणून देव त्याच्याजवळच असलेला बरा, असा तिचा हिशेब. तो नारळ आत्याकडे शेवभाजीत पडला आणि वडिलांनी दोन वाट्या रस्सा ओरपला. परवा मी खोबरं भाजताना त्यांना आठवण करून दिली, तर म्हणाले, “आवाज बेअरिंगचाच होता. नारळ नुसता सापडला.”