स्क्रीनवरची फूटपट्टी

सावंतबाई मॉनिटरवर फूटपट्टी आडवी धरतात, तिच्या लगेच वर दिसणारी ओळ वाचतात, शेजारच्या एक्सेलमध्ये आकडा टाईप करतात आणि पट्टी एक ओळ खाली सरकवतात. आमच्या कंपनीच्या कुठल्या शाखेचं नेटवर्क चालू आहे, उत्तर यायला किती वेळ लागला, हे काळ्या पडद्यावर सांगणारा तो प्रोग्राम माझाच. सहा वर्षांपूर्वी लिहिलेला. काल सहज त्यांच्या टेबलापाशी गेले आणि ती पट्टी पाहून माझं डोकंच फिरलं. काचेवर आडवे ओरखडे पडलेत!

राग बाईंचा नाही. प्रोग्रामच्या पोटात शाखेचं नाव वेगळं असतं, वेळ वेगळी असते, सगळं आपापल्या कप्प्यात. बाहेर पाठवताना मीच ते एका ओळीत कालवते, आणि मग कुणीतरी डोळे फोडून ते पुन्हा निवडत बसतं. वर मी त्याला 'वाचायला सोपं' म्हणते. कुणाला सोपं? सहा वर्षांत एकदा तरी इथे येऊन बघितलं होतं का मी?

दुपारी प्रोग्रामला एक पर्याय जोडला. तो निवडला की तीच माहिती रकान्यांची फाईल होऊन थेट एक्सेलमध्ये उघडते. तासाभरात झालं. त्याचाच जास्त संताप आला.

"बाई, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी फाईल उघडून पाहिली, पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली.

"मला वाटलं, तुम्हाला जमत नसेल," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच कशाला लाजवायचं?"