तीन धारांची काडी

आत्याला शेवटचं भेटायला गेलो तेव्हा माझ्या खिशात गवताची एक काडी होती. डोणगावच्या आमच्या विहारापुढच्या हिरवळीत ती आदल्या संध्याकाळी दिसली होती, बाकी गवताहून बोटभर उंच आणि चकचकीत. सुभद्राआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, भिंतीकडे तोंड करून पडली होती. काडी हातात दिली तरी तिनं डोळे उघडले नाहीत. अंगठा आणि बोटामध्ये ती फिरवली आणि म्हणाली, "धारा लागून राह्यल्या... तीन. मोथा हाये. उद्याच काढ, अरुण, खालच्या गाठीसकट." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या सुनेचा फोन आला. मोथा काढायचा राहून गेला.

त्याला आता पाच आठवडे झाले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक जण बोलले, "ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं चुलीपुढं बसली, म्हणून माउलीचा डोळा गेला. पण विहाराची सेवा काही सोडली नाही." मी पहिल्या रांगेत होतो. मान खाली घातली. चुलीची गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

आत्यानं उभा जन्म लोकांच्या शेतात निंदण केलं. हराळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. ती खणून शेताच्या कडेला, धुऱ्यावर फेकायची, उन्हात वाळवायची. म्हातारपणी त्याच हराळीचे वेल टोपलीत आणून तिनं विहारापुढं लावले. "जलमभर इले उपटलं, आता इले पानी देऊन राह्यली," असं म्हणून स्वतःच हसायची. बुद्धपौर्णिमेला चार गावचे लोक तिथं बसतात, म्हणून उन्हाळाभर ती तण वेचायची. सराटा पिवळ्या फुलावर असतानाच काढायची, काटा धरेपर्यंत थांबायची नाही. दुधीचं तण तोडून पाहायची, चीक आला की मुळासकट बाहेर. मोतीबिंदूनं डोळे धुरकटले तसा मोथाही ती बोटांनीच ओळखू लागली. गवताची काडी गोल असते, मोथ्याची तिधारी. मी शाळामास्तर, विहार समितीचा सचिव. मला हे सगळं कौतुकापुरतं माहीत होतं; तिचं ते 'इले' म्हणजे हराळीलाच, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पौर्णिमा वीस दिवसांवर होती. ती दवाखान्यातून यायच्या आत हिरवळ स्वच्छ करून तिला चकित करावं, असं माझ्या मनानं घेतलं. निंदणाला कमलाबाई आणि तिची जाऊ अशा दोघी बोलावल्या. कमलाबाईनं खुरपं थांबवून विचारलं, "सर, हे तं हरयाली हाये. ठेवाची का काढाची?" मी कास्तकाराचा पोरगा. लहानपणापासून हराळीला शिव्याच ऐकलेल्या. हिरवळीचं गवत म्हणजे काहीतरी विकत आणलेलं असणार, अशी माझी अक्कल. म्हणालो, "मुळासकट काढा." दुपारपर्यंत अंगण भुईसपाट, आणि रस्त्याच्या कडेला उन्हात हराळीचा ढीग.

आत्या आली ती काळा चष्मा लावून. वाकायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं पायानं जमीन चाचपली. "हे कोनं सांगतलं?" मी चपलेनं माती सारखी करू लागलो. "बोल नं बे, कोनं सांगतलं?" "मी," म्हणालो. ती सरळ ढिगाकडे गेली. ऊन डोक्यावर, वेल कडकडीत व्हायला लागलेले. मी खुर्ची आणली, हात धरला. तिनं हात झटकला. "वाळलं का गेलं. पौर्णिमेले लोकं काय फुफाट्यात बसतीन?" आणि मातीत फतकल मारली. एकेक वेल बोटांनी चाचपून जिवंत तो पाण्यात, मेला तो बाजूला... आणि मातीनं भरलेल्या दुसऱ्या हातानं कपाळावरचा, डोळ्यावरचा घाम पुसत होती, चष्मा वर सरकवून. मी ते पाहत होतो. ओरडायला हवं होतं. घाबरलो होतो.

जिवंत वेल तिनं पुन्हा लावले, आणि पौर्णिमेपर्यंत ओल्या पोत्यांखाली हराळीनं मूळ धरलं. आत्याचा डोळा मात्र लालबुंद झाला आणि मग कायमचा पांढरा पडला. डॉक्टर रागावून विचारत होते, नेमकं काय केलंत? मी तिच्या शेजारीच उभा होतो. आत्या म्हणाली, "चुलीपुढं बसली जी. चूक मायीच." परतीच्या बसमध्येही तिनं विषय काढला नाही. मीही काढला नाही, शेवटपर्यंत.

परवा तिचं खुरपं घेऊन हिरवळीत गेलो. एका मोथ्याचे आठ झाले होते. डोळे मिटले आणि काड्या फिरवू लागलो. गोल, गोल... तीन धारा. "सर, डोये मिटून काय करून राह्यले?" कमलाबाई झाडणी घेऊन उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याचा डोळा चुलीनं नाही गेला, कमलाबाई. माझ्यामुळं गेला."

"आमाले मालूम हाये," ती म्हणाली. "त्याच दिवशी तिनं आमच्याकून शब्द घेतला, त्याले कोनी बोलू नोका मनून."

मला वर पाहवेना. माती ओली होती. मोथ्याची काळी गाठ अलगद हाताशी आली, तिला दोऱ्याएवढं तुटकं मूळ लोंबत होतं. मी उठू लागलो तशी कमलाबाई झाडणी ठेवून शेजारी बसली.

"उठू नोका, सर. अजून खाली हाये."