मौनातला होकार

थकायची सोय आमच्या घरात पूर्वीपासूनच नाही.

आजारी पडायची आहे. सासूबाईंचे गुडघे आहेत, ह्यांची साखर आहे, आणि दोन्हींना घरात मानाचं स्थान आहे. गुडघ्यांना वेगळी खुर्ची आहे, साखरेला वेगळा चहा आहे. पण नुसतं 'मी थकले' असं म्हटलं, की घर आपल्याकडं असं बघतं, जणू आपण सुतकात पेढे वाटायला काढले!

मी मुरुमला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे आणि घरात थोरली सून आहे. यातली कुठलीही एक गोष्ट माणसाला पुरते. त्यात माझ्या हातच्या शेंगाच्या पोळ्यांचं नाव झालेलं. (शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरून लाटलेली खुसखुशीत पोळी. खायला फार सोपी. करायची असेल तर कंबर दुसऱ्याची घ्यावी.) कुणाचं बारसं असो, कुणाच्या पोराला नोकरी लागो, फोन यायचा, "वैनी, तेवढं पोळ्यांचं बघा की!" मी बघायची. शाळेत सर्वे आला, निवडणूक आली, मोबाईलवर फोटो चढवायचे आले, "बाई, तेवढं बघून घ्या." मी बघून घ्यायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात सगळ्या भावकीची आंबील आणि पालेभाज्या-डाळींची भज्जी, तीही मीच बघायची. इतकं बघून बघून मला शेवटी समोरचं दिसेनासं झालं.

एप्रिलातल्या एका सकाळी हळदीच्या डब्याचं झाकण निघेना. मी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि ओट्याखाली बसून रडायला लागले. हे दाढी अर्धी टाकून धावत आले.

"काय झालं?"

"झाकण निघंना."

ह्यांनी झाकण काढून दिलं. मी दुप्पट रडायला लागले.

"अगं, आता काय झालं?"

"आता भाजी करावी लागंल ना!"

हे घाबरले. खत-बियाण्याचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मला उमरग्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "रिपोर्ट एकदम चांगले आहेत." ह्यांचा चेहराच पडला. (एवढ्या लांब येऊन काहीच निघालं नाही!)

"मग हिला झालंय तरी काय?"

"दमल्यात. एका दिवसाचा थकवा नाही हा, खूप वर्षांचा आहे. आता सुट्टी लागतेय ना? पूर्ण विश्रांती घ्या. दुसऱ्यांची कामं अंगावर घेऊ नका. नाही म्हणायला शिका. हे असंच चालू ठेवलं, तर जूनमध्ये शाळेत उभं राहता येणार नाही."

"ते बरोबर हाय मॅडम," हे म्हणाले, "पण औषध?"

"हेच औषध."

"तरी बी एखादी बाटली लिवून द्या की. घरी आईला काय दाखवू?"

बाटली मिळाली नाही आणि तिथंच आमचा पाया कच्चा राहिला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थकली? आमी बी थकत हुतो की. थकून काम करत हुतो!"

सुट्टीच्या पहिल्या दिवशी मी मधल्या खोलीत कूलर लावून आडवी झाले. पाच मिनिटांत दारातून आत्याबाई, "झोपूलालीस का? झोप, झोप. च्याची पत्ती कुठंय तेवढं सांग." मग हे. "तू झोप. माझा निळा शर्ट फक्त सांग." मग फोनवर मुख्याध्यापक. "बाई, विश्रांती चाललीय ना? छान. ती मागची माहिती तेवढी पाठवा." दुपारपर्यंत मी पडल्या पडल्या इतकं काम केलं, की उभ्यानं कधी केलं नव्हतं!

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आमच्या घरात थकव्याला किंमत नसेल, व्रताला आहे. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून मी आत्याबाईंच्या पाया पडले. "आत्याबाई, उद्यापासून सात दिवस मौन धरते. बोलायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, एका जागी बसायचं."

त्यांचा चेहरा उजळला. "कुन्या देवाचं गं?"

"ते सांगायचं नसतं."

"बरुबर हाय," असं म्हणून आत्याबाईंनी हात जोडले. मला! लग्नानंतर पहिल्यांदा!

पहिले दोन दिवस काय सांगू? स्वर्ग! गुडघ्यांची खुर्ची माझ्या दारात आली आणि तिच्यावर स्वतः आत्याबाई पहाऱ्याला बसल्या. ह्यांनी तोंड उघडलं, की त्या ओरडायच्या, "मौन हाय तिचं! तुजा शर्ट तू हुडीक!" मला जेवण ताटात वाढून मिळालं. मी झोपत होते, उठत होते, भिंतीला टेकून बसत होते आणि बसल्या बसल्या परत झोपत होते.

घात झाला तो या बसल्या झोपेनं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या महानंदाअक्का पाया पडायला आल्या. (व्रतस्थ बाईच्या पाया पडलं, की अर्धं पुण्य आपल्याला मिळतं म्हणे.) समोर बसून त्यांनी आपल्या गाभण गाईचं गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज एकसुरी, वर कूलरची घरघर. माझे डोळे मिटले आणि अक्कांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "मंग ठिवू का बाई गाय? इकत न्हाय, ठिवू का?"

मला डुलकी लागली. मान पुढं गेली, मागं आली.

"अय्यो! व्हय म्हनल्या!"

दुसऱ्या दिवशी गाय व्याली. कालवड झाली. आणि माझी विश्रांती संपली!

सकाळपासून दारात चपलांचा ढीग. पोरीला कुठल्या कॉलेजात घालू, बोअर कुठं पाडू, सोयाबीन पेरू का तूर पेरू! मी झोपेला आलेली, म्हणजे मान हलणार. मान हलली, की नारळ फुटणार. आत्याबाई दारात बसून एकेकाला आत सोडायच्या आणि वर अर्थ सांगायच्या. मी वैतागून दोन्ही हात पुढं केले, की बास करा आता. "आशीर्वाद दिला!" मी कपाळावर हात मारला. "नशिबात हाय म्हनते!" ह्यांच्या दुकानातसुद्धा गिऱ्हाईक म्हणायला लागलं, "बियानं कंचं घेऊ, जरा वैनीस्नी इचारून सांगा." बोलत होते तेव्हा निदान श्वास घ्यायला तरी वेळ मिळत होता!

हे सगळं नळदुर्गला पोचायला कितीसा वेळ लागणार? नळदुर्गला आमच्या वन्सं राहतात, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण सुरेखा. त्यांच्या पल्लवीला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचं एक स्थळ आलं होतं. आलेल्या प्रत्येक मुलाला नाक मुरडणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच कुणीतरी पसंत पडलं होतं. मला तिनं आधीच फोनवर सांगितलं होतं, "मामी, हे जमलं न्हाय तर मी लग्नच करणार न्हाय." वन्सं धापा टाकत आत आल्या आणि माझा हात धरून बसल्या.

"वैनी, बैठक तुमच्याच घरी ठिवते. मौनाचं घर हाय, शुभ हाय. साकरपुडा बी हितंच, गच्चीवर. मानसं दीडदोनशे हुतील. आन् पोळ्या तुमच्याच हातच्या. त्या लोकान्ला म्या सांगून बी टाकलंय!"

मी खाडकन जागी झाले. खरोखर जागी! जिवाच्या आकांतानं मान इकडून तिकडं हलवली. पण आमच्या भागात मान उभी हलवली तर 'व्हय' आणि आडवी हलवली तर 'व्हय व्हय'!

"बघा आई, कशी खुशीनं डोलूलालीय!" वन्सं म्हणाल्या.

त्या रात्री मी कूलरकडं बघत पडले. दोनशे माणसं. म्हणजे चारशे पोळ्या. भाजायचे शेंगदाणे, किसायचा गूळ, लाटायला मी. डोळ्यांपुढं ते हळदीच्या डब्याचं झाकण आलं. एका शब्दाचं काम होतं खरं तर. पण तोंड बंद असताना जे जमत नव्हतं, ते उघडं असताना तरी कुठं जमलं होतं मला?

मौनाच्या सहाव्या दिवशी बैठकीला वाशीची मंडळी आली. मुलाचे मामा पुढारी, पांढरी टोपी, भरदार आवाज. देण्याघेण्याचं काही नव्हतं, मुलगा-मुलगी राजी होते, सगळं लोण्यासारखं चाललं होतं. पल्लवी चहा देताना हसू लपवत होती. शेवटी मामांनी माझ्याकडं वळून हात जोडले.

"बाई, तुमचं लई ऐकलंय. आता एकदा तुमी व्हय म्हना, का झालं. पंगत तुमच्याच हातची ना?"

सगळ्या घराचे डोळे माझ्या मानेवर.

"नाही!" मी म्हणाले.

किती मोठ्यानं, ते मला कळलं नाही. पण कूलरसुद्धा घाबरून बंद पडला. (लाईट गेली होती. पण वेळ काय साधली!)

आत्याबाईंच्या हातातलं तबक खाली आलं. "मौन सुटलं! आन् पयला शबुद 'न्हाई'!"

मामांनी टोपी काढली. "मौनातला कौल हाय. देवाच्या मनात न्हाई ह्यो संबंद." आणि ते चपला शोधायला उठले!

वन्संनी पदर तोंडाला लावला. पल्लवीचं तोंड पांढरंफटक पडलं. हातात कपांचा ट्रे, आणि ती माझ्याकडं बघतेय. मामी, तुम्ही?

"अहो, थांबा!" मी ओरडले. "पोरीला नाही म्हणाले नाही मी! पोळ्यांना नाही म्हणाले!"

मामा एक चप्पल घालून थांबले. "म्हंजी? पोळ्या इटाळात सापडल्या का?"

"नाही."

"सुतक हाय?"

"नाही."

"मंग आमचं काय चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही. मला करायच्या नाहीत. मी थकलेय. फार दिवसांची थकलेय. मौन वगैरे काही नव्हतं हो, मला नुसतं झोपायचं होतं! तुम्ही जी मान बघितली, ती डुलकी होती! संबंध एकदम चांगला आहे, पोरगा चांगला आहे, साखरपुडा याच गच्चीवर करा. फक्त पोळ्या मी लाटणार नाही."

महानंदाअक्का दारातून म्हणाल्या, "म्हंजी माजी गाय...?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं, मग चप्पल काढली. "येवडंच व्हय? अवो, पयलंच सांगायचं की! आमच्याकडं बायकांचा गट हाय, पोळ्या करून देत्यात. त्येंला सांगू."

वन्संनी डोळे पुसले. "बरं, तसं करू."

हे म्हणाले, "बरं."

आत्याबाई तेवढ्या खाली पडलेलं तबक उचलून माझ्यासमोर आल्या. मी मान खाली घालून बोलणी खायची तयारी केली. त्या म्हणाल्या, "झोपायसाठी येवडं सोंग करावं लागलं व्हय गं तुला?" आणि पदरानं तबक पुसत, "मला का नाई सुचलं हे, सासू जित्ती असताना!"

राहिलेली सुट्टी मी उघडपणे, कुठल्याही देवाला मध्ये न घालता झोपून काढली.

साखरपुडा झाला. पल्लवी हसत होती, मुलगा तिच्याकडं बघून हसत होता. मला कुणी हाक मारली नाही, पत्तीचा डबा कुठंय ते विचारलं नाही. पंगत बसल्यावर मी निवांत आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. वरून आवाज यायला लागले. "काय खुसखुशीत हायत वो पोळ्या!" "वैनीच्या परास बी चांगल्या झाल्यात!" "आणा, आणा, हिकडं आणा!" त्यात एक आवाज ह्यांचाही होता. साखरवाल्या माणसाचा! तिसऱ्यांदा!

नाही म्हणायला मला निम्मं आयुष्य लागलं, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्यावर सगळ्यांनी इतक्या पटकन 'बरं' म्हणावं? त्या दुपारी, लोकहो, मला काही केल्या झोप लागली नाही.